काचेमागचं वाद्य बोलत नाही, मग मुलांना दाखवायचं काय?

सांगलीच्या विश्रामबागेत हार्मोनियमचा वर्ग घेणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. त्या लिहितात:

"वर्गात आठ ते पंधरा वयाची बावीस मुलं आहेत. मागच्या वर्षी त्यांना एका संग्रहालयात जुनी वाद्यं दाखवायला नेलं होतं. पंचवीस मिनिटांत सगळी बाहेर, आणि पहिला प्रश्न 'आइस्क्रीम कधी?' यंदा दिवाळीच्या सुट्टीत पुण्याच्या केळकर संग्रहालयात न्यायचं ठरवलंय. मिरज काय, हाकेच्या अंतरावर, तिथं कधीही जाता येईल. पालकांचं म्हणणं, यूट्यूबवर सगळं दिसतं, त्यासाठी पुणं कशाला? नेमकं काय पाहायचं आणि कसं, ते सांगाल का? आणखी एक. सासऱ्यांचा दिलरुबा (गजानं वाजवायचं तंतुवाद्य) माळ्यावर पडून आहे. २०१९ च्या पुरात खालचं सगळं गेलं, तो वर होता म्हणून वाचला. तो दुरुस्त करून वर्गात ठेवावा की संग्रहालयाला देऊन टाकावा?"

ताई,

पहिली गोष्ट म्हणजे क्रम उलटा करा. मिरजेचे सतार-तानपुऱ्यांचे कारखाने आधी, पुणे नंतर, आणि मध्ये दहा-पंधरा दिवस जाऊ द्या. मागच्या वर्षी मुलं कंटाळली त्यात त्यांचा दोष नाही. ज्याचा आवाज कधी ऐकला नाही, ज्यावर बोट कुठं पडतं ते माहीत नाही, अशा पन्नास लाकडी वस्तू ओळीनं पाहायच्या म्हटल्यावर मोठी माणसंही कंटाळतात, फक्त आइस्क्रीम मागत नाहीत. वाद्यांच्या संग्रहालयाची मूळ अडचणच ही आहे की तिथं मांडलेली वस्तू जे करण्यासाठी जन्मली तेच तिला करता येत नाही. म्हणून आवाज, वास आणि स्पर्श आधी कुठंतरी घेऊन मग काचेसमोर उभं राहायचं. सांगलीकरांइतकी ही सोय देशात फार थोड्यांना आहे.

पालकांना एवढंच सांगा: यूट्यूबवर सगळी वाद्यं एकाच मापाची दिसतात, मोबाइलच्या. पुरुषी तानपुरा उभा केला तर आठ वर्षांच्या पोरापेक्षा उंच असतो आणि रुद्रवीणेचे दोन भोपळे एका माणसाला कवेत घ्यावे लागतात, हे पडद्यावर कळत नाही.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंतुवाद्यं बनवायला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात सुरुवात झाली. मूळ धंदा शिकलगारीचा, म्हणजे शस्त्रांना धार लावण्याचा. त्या घरातल्या फरीदसाहेबांनी सतार-तानपुऱ्याचं काम हाती घेतलं आणि पुढच्या पिढ्यांचं आडनावच सतारमेकर झालं. मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा या दोघांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मुलांना एवढा इतिहास पुरे. बाकीचा वेळ हातांसाठी ठेवा.

जायचं कसं, ते नीट ठरवा. तिथली बहुतेक कामाची जागा एका खोलीएवढी असते. भोपळे, फळ्या आणि अर्धवट दांड्या यांतून कारागिराला बसायला जेमतेम जागा उरते. एका वेळी सहा मुलं आत, त्याहून जास्त नाही. म्हणजे चार तुकड्या, प्रत्येकी पाऊण तास. एक तुकडी आत असताना बाकीच्यांना मीरासाहेब दर्ग्याकडे नेता येतं. शुक्रवारी दुपारची वेळ टाळा, नमाजाची असते. ईद, मोहरम, उरूस हे दिवसही सोडा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचं नोव्हेंबर-डिसेंबरचं सत्र जवळ आलं की क्लासवाल्यांचे तानपुरे दुरुस्तीला येऊ लागतात, तेव्हा कारागिरांना बोलायला फुरसत नसते.

नुसतं 'मुलांना बघायचंय' म्हणून जाऊ नका. त्या माणसाचा अर्धा दिवस जातो आणि त्याच्या हाती काही पडत नाही. वर्गातला तानपुरा जवारीला, म्हणजे तार जिच्यावर टेकते ती घोडी घासून आवाज गुंजता करून घ्यायला, घेऊन जा. जवारी लावण्याचं काम एरवीही करून घ्यावंच लागतं. ते मुलांसमोर करून देण्याची विनंती आधी फोनवर करा. गिऱ्हाईक म्हणून गेलात की कारागीर मोकळेपणानं दाखवतो आणि मुलांना खरं काम दिसतं.

आत गेल्यावर पहिल्यांदा भोपळा. हा भाजीचा भोपळा नव्हे. जाड सालीचा, कडू, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत मुद्दाम वाद्यांसाठी पिकवलेला, आणि वेलीवरून उतरवल्यावर कित्येक महिने वाळवलेला. तो कापायचा, आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या, पाण्यात भिजवून मऊ करायचा आणि तोंडात काठ्यांचे आडवे टेकू देऊन हव्या त्या आकारात पुन्हा वाळू द्यायचा. मुलांना कच्चा भोपळा बाहेरून बोटाच्या पेरानं वाजवून पाहू द्या. जाड सालीचा आणि पातळ सालीचा आवाज वेगळा येतो, आणि कारागीर निवड करतो ती याच कानानं. टेलरची फीत सोबत न्या. पुरुषी आणि बायकी तानपुऱ्याच्या भोपळ्यांचा घेर, दांडीची लांबी आणि मेरूपासून, म्हणजे वरच्या टोकाच्या पट्टीपासून, घोडीपर्यंतच्या तारेची लांबी मुलांनी स्वतः मोजून वहीत लिहावी. मग सूर विचारा: पेटीच्या पट्टीत सांगायचं तर पुरुषी साधारण पांढरी एक ते काळी दोन, बायकी पांढरी पाच ते काळी पाच. लांबी आणि सूर शेजारी शेजारी लिहिले की पुढं पुण्यात कुठलंही अनोळखी तंतुवाद्य दिसो, ते उंच बोलेल की खाली, हे मुलं स्वतः सांगतील.

आणि मग जवारी. सगळा दिवस खरं तर याच दहा मिनिटांसाठी आहे.

घोडी म्हणजे तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी फळीवर, बसवलेला तो चपटा पाट. वरून सपाट दिसतो, पण सपाट नसतो. मुलांना डोळा घोडीच्या पातळीवर आणून बाजूनं पाहायला लावा: मध्यापासून पुढं अगदी हलका उतार असतो, पोस्टकार्डाच्या कडेइतका. तार त्या उतारावरून निघते आणि छेडल्यावर त्याला घासत राहते. म्हणजे तारेची लांबी एक राहत नाही, कंपनाच्या प्रत्येक फेऱ्यात किंचित कमी-जास्त होते, आणि त्यामुळं मूळ सुरावर चढलेले उंच सूर जोर धरतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली वीणा-तानपुऱ्याच्या याच विशेषावर लिहिलं होतं. कारागीर कानशीनं उतार घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. कानस एकदा जास्त फिरली की तार घोडीला टेकेनाशी होते, आवाज बोडका येतो आणि सगळा उतार नव्यानं काढावा लागतो. म्हणून तो प्रत्येक वेळी दोनदाच फिरवतो आणि थांबतो. मुलांना सांगा, हात मोजा.

त्यानंतर धागा. कारागिराला विनंती करा: आधी धाग्याशिवाय तार छेडा. आवाज येतो आणि लगेच विझतो. आता तार आणि घोडीच्या मध्ये सुती धागा सरकवायचा आणि तो हळूहळू पुढं-मागं करायचा. एका जागी आवाज अचानक फुलतो, गुंजायला लागतो. केसाएवढा पुढं गेला की चिरका होतो, मागं राहिला की पुन्हा मुका. प्रत्येक मुलाला एकदा धागा सरकवू द्या. हार्मोनियम शिकणाऱ्या पोरांना हे विशेष हवं, कारण त्यांच्या वाद्यात सूर पट्टी दाबली की तयार मिळतो.

शेवटी सगळ्यांना गप्प बसवून फक्त खर्जाची तार छेडायला सांगा आणि विचारा, षड्जाशिवाय काय ऐकू येतं? बहुतेकांना काही नाही येणार. मग तुम्ही वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार हळूच गुणगुणा आणि पुन्हा तार छेडायला सांगा. आता येतो. चारही तारांत गंधार कुठंच लावलेला नाही, तरी खर्जाच्या कंपनाच्या पाचव्या पटीत तो बसलेला असतो. मोठ्या मुलांपैकी एखादा लगेच पेटीवरचा गंधार त्याच्याशी जुळवायला जाईल आणि म्हणेल, पेटीचा थोडा चढा लागतोय. त्याचं बरोबर आहे. याच प्रश्नापायी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मदतीनं श्रुतींचा, म्हणजे सुरांमधल्या बारीक अंतरांचा, अभ्यास केला आणि बावीस श्रुतींची पेटी घडवण्याच्या खटपटीत ते पडले. सांगलीच्या मुलांना हे नाव ठाऊक असायला हरकत नाही.

खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांची कबर मिरजेच्याच मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात तिथं त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. बाहेर थांबलेल्या तुकडीला तिथं न्या. डोकं झाकायला रुमाल बरोबर असू द्या.

कारखान्यात काय बिघडतं तेही आधीच सांगून ठेवते. जमिनीवर कापलेल्या पोलादी तारांचे बारीक तुकडे असतात, ते उघड्या पायात घुसतात. चपला दाराशी काढायला सांगितल्या तर मोजे असू द्यावेत. तबलीवर नखं, अंगठ्या, बांगड्या नकोत. आणि हाताला सॅनिटायझर लावून कोणी वाद्याला हात लावायचा नाही. पॉलिश लाखेचं असतं आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. ओल्या हाताचा ठसा तबलीवर पांढुरका उठतो आणि तेवढ्यासाठी सगळी तबली पुन्हा घासावी लागते. साबणानं हात धुऊन, कोरडे करून आत जायचं. दम्याच्या मुलांना पॉलिशच्या खोलीपासून लांब ठेवा. आठवण म्हणून शोभेच्या छोट्या सतारी घेऊ नका, त्या वाजत नाहीत. त्याऐवजी तारांचा एक संच, तार छेडायला बोटात घालायच्या दोन नख्या आणि जवारीचा धागा घ्या. वर्गात कामाला येतील.

मधल्या पंधरवड्यात मुलांना घरी एक काम. पुण्याच्या दालनात काय काय मांडलंय याचे मोबाइलवर फोटो मागवा. पुण्यात ज्यांचं कोणी नाही असा सांगलीकर विरळा, त्यांना एखाद्या रविवारी तिकीट काढून पाठवा. त्या फोटोंतून सहा वाद्यं निवडा. फक्त सहा. प्रत्येकाचा दोन मिनिटांचा आवाज वर्गात ऐकवायचा, पण चित्र न दाखवता. ऐकून मुलांनी अंदाज लिहायचा: तारा की फुंक की कातडं? कमानीनं की नखीनं? सूर एकातून दुसऱ्यात घसरत जातो की उड्या मारतो? दांडीवर पडदे, म्हणजे आडव्या पट्ट्या, असतील का? उत्तरं सांगायची नाहीत. ती पुण्यात काचेसमोर मिळतील. मागच्या वर्षी मुलं पाहायला गेली होती, यंदा ती पडताळायला जातील. पंचवीस मिनिटांचे दोन तास होतात ते एवढ्यानंच.

निवडताना एकमेकांपासून लांबची वाद्यं घ्या. सारंगी असेल तर ती हवीच: एकाच लाकडी ठोकळ्यातून कोरलेली, पोटावर बकऱ्याचं कातडं, वाजवायच्या आतड्याच्या तीन तारा आणि खाली तीसहून जास्त तरफा, म्हणजे न छेडता आपोआप घुमणाऱ्या तारा. बोटाच्या पेरानं नाही, नखाच्या मुळाशी तार दाबून वाजते. मुलांना स्वतःच्या नखाकडे पाहायला सांगा, चेहरे बघण्यासारखे होतात. रुद्रवीणा किंवा बीन, कारण तिचे पडदे मेणात घट्ट बसवलेले असतात आणि सतारीचे दोऱ्यानं बांधलेले, सरकवता येणारे. पखवाज, कारण डाव्या पुडीला कणीक लावतात आणि संग्रहालयात ती नसते. का नसते ते मुलंच सांगतील, उंदीर-झुरळांची नावं घेऊन. एखादं तोंडानं फुंकायचं, सनई किंवा शिंग. एक तुमच्या आवडीचं. आणि एक आपल्याकडचं, चौंडकं किंवा तुणतुणं. यल्लमाच्या जोगत्यांच्या हातात चौंडकं मुलांनी गल्लीत पाहिलेलं असतं, संग्रहालयात ते मोठ्या वीणेच्या शेजारी मानानं बसलेलं दिसलं की त्यांची नजर बदलते.

आता पुणं. सांगलीहून इस्लामपूर, पेठ नाका, कराड, सातारा असं साधारण २३५ किलोमीटर. पहाटे पाचला निघालात तर नाश्त्यासह दहा-साडेदहाला पोचाल. खंबाटकी घाटाच्या आधी नाश्ता देऊ नका, नंतर द्या. संग्रहालय शुक्रवार पेठेत बाजीराव रस्त्याच्या लगत आहे. तिथं मोठी बस उभी करायला जागा नाही. मुलं उतरवायची, बस सारसबागेच्या बाजूला धाडायची आणि ड्रायव्हरचा नंबर दोघांकडे ठेवायचा. उघडण्याची वेळ, सुट्टी, शाळा-क्लाससाठीची तिकिटाची सवलत आणि फोटोचे नियम हे आदल्या आठवड्यात फोन करून विचारा. दिवाळीत वेळा बदलतात. सवलत हवी तर वर्गाच्या लेटरहेडवर मुलांच्या यादीसह पत्र न्या.

दिनकर केळकर हे कवी, टोपणनाव अज्ञातवासी. अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावानं त्यांनी हा संग्रह उभा केला आणि पुढं महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. वस्तू वीस हजारांच्या घरात, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. जिने, अरुंद वाटा, छोटी दालनं. बावीस मुलं वाद्यदालनात एकदम घुसवलीत की पाटी कोणालाच वाचता येणार नाही. तीन तुकड्या करा. एक वाद्यांपाशी, एक दिव्यांपाशी, एक अडकित्त्यांकडे. चाळीस मिनिटांनी बदल. मस्तानी महाल शेवटी सगळ्यांनी मिळून. बाकी सगळं पाहून घेण्याचा हट्ट सोडा. संग्रहालयात माणूस थकतो तो पायांनी नाही, नजरेनं.

मुलांच्या हातात पेन नको, पेन्सिल द्या. शाईचा डाग जुन्या लाकडावर कायमचा. फ्लॅश बंद. दालनात उजेड कमी असतो तो कंजूषपणामुळं नव्हे. रंग, कातडं, कापड यांना प्रकाश खातो, म्हणून कापड, रंगवलेलं कातडं अशा सगळ्यात नाजूक वस्तूंवर साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास उजेड ठेवायचा असतो. आपल्या बैठकीच्या खोलीतही त्याहून जास्त असतो. डोळे सरावायला पाच मिनिटं द्या. तारा सैल लोंबताना दिसतील आणि एखादे पालक म्हणतील, बघा, काळजी कोण घेतो. उलट आहे. ताणलेल्या तारांचं सगळं ओझं घोडीतून तबलीवर येतं. वाजतं वाद्य सतत माणसाच्या नजरेखाली असतं, कपाटातलं नसतं. वर्षानुवर्षं तार चढलेली राहिली तर तबली खाली बसते आणि दांडी पुढं वाकते. म्हणून तारा मुद्दाम उतरवून ठेवतात. तबल्या-पखवाजाचं कातडं पावसाळ्यात ढिलं पडतं आणि उन्हाळ्यात आवळतं. या ओढाताणीतच ते फाटतं.

काचेसमोर उभं राहिल्यावर पूर्ण वाद्याचं चित्र काढायला सांगू नका. सगळ्यांची सारखी येतात आणि सगळी भोपळ्याची असतात. फक्त एक जागा काढायची: हात जिथं झिजवून गेला ती. दांडीच्या मागं जिथं अंगठा सरकत असे तिथलं पॉलिश गेलेलं असतं. घोडीवर तारेनं पाडलेल्या खाचा असतात. खाच खोल तर वाद्य खूप वाजलेलं, खाचच नाही तर बहुधा शोभेचं किंवा घोडी नवी. खुंटीची भोकं बुजवलेली दिसली तर कोणीतरी तारा कमी केल्या. भोपळ्याला तडा जाऊन आतून कापडाची पट्टी चिकटवलेली असते. नक्षीकाम ज्या बाजूला जास्त ती बाजू श्रोत्यांकडे असे. एवढं पाहिलं की त्या लाकडामागचा माणूस दिसायला लागतो, मग पाटीवर त्याचं नाव असो वा नसो.

आणि मोठ्या मुलांसाठी खेळ: मांडणीतली चूक शोधा. जगभरच्या संग्रहालयांत वाद्यांच्या मांडणीत चुका असतात, कारण मांडणारा वाजवणारा असतोच असं नाही. घोडी उलटी बसवलेली, सारंगीशेजारी भलत्याच वाद्याचा गज, तारा चुकीच्या क्रमानं ओवलेल्या. मिरजेत मेरूपासून खालच्या टोकाच्या लंगोटीपर्यंत (तार अडकवतात ती जागा) तार कशी जाते ते पाहून आलेलं पोर हे पकडतं. चूक सापडली तर दालनातल्या माणसाला नम्रपणे दाखवायची. काचेवर बोट आपटून नाही.

जेवणानंतर वर्गीकरणाचा अर्धा तास. नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग आहेत: तत म्हणजे तारांची, अवनद्ध म्हणजे कातड्यानं मढवलेली, घन म्हणजे टाळ-झांजांसारखी, सुषिर म्हणजे फुंकेची किंवा वाऱ्याची. हे तुमच्या प्रवेशिका परीक्षेच्या मुलांना पाठ असतं, पण पाठच असतं. त्यांना सांगा, १८७६ साली कलकत्त्याच्या शौरींद्रमोहन टागोरांनी बेल्जियमच्या राजाला शंभराच्या आसपास भारतीय वाद्यं भेट पाठवली. पुढच्याच वर्षी उभ्या राहिलेल्या ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयात ती पोचली. तिथले पहिले संग्रहपाल माहियों यांनी सगळ्या जगाच्या वाद्यांची जी वर्गवारी केली ती आपल्या या चार वर्गांशी जुळणारी आहे, आणि १९१४ साली हॉर्नबॉस्टेल आणि झाक्स या अभ्यासकांनी तीच विस्तारून आजवर चालत आलेली पद्धत दिली. म्हणजे परीक्षेतला दोन मार्कांचा प्रश्न जगभरच्या वाद्यसंग्रहालयांच्या पाट्यांत बसलाय.

आता अडचणीची उदाहरणं द्या. हार्मोनियमला पट्ट्या आहेत, पण बोलते ती पितळी पत्ती वाऱ्यानं, म्हणजे सुषिर. खंजिरीला कातडंही आहे आणि चकत्याही. आणि चौंडक्याला कातडं आहे, त्याच्या मधून निघालेली तार आहे, वाजवतात ती तार, घुमतं ते कातडं. तत की अवनद्ध? यावर मोठ्या अभ्यासकांचंही एकमत नाही. वाद घालू द्या आणि निकाल देऊ नका.

पुढच्या वर्षांसाठी दोन नावं. बेंगळुरूच्या जे. पी. नगरमध्ये २०१९ साली सुरू झालेलं इंडियन म्युझिक एक्सपिरियन्स: तिथं बाहेरच्या ध्वनिबागेत वाजवून पाहायच्या वस्तू आहेत, आत हेडफोन आहेत, त्यामुळं आठ-दहा वर्षांच्यांना पुण्यापेक्षाही रमेल; मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस दुपारी निघून दुसऱ्या दिवशी सकाळी पोचते. आणि दिल्लीला मंडी हाउसच्या रवींद्र भवनात संगीत नाटक अकादमीचं वाद्यदालन, १९६४ साली व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्या हस्ते उघडलेलं. ते मोठ्या मुलांसाठी. औंधचं भवानी संग्रहालय फार सुंदर आहे, पण ते चित्र-शिल्पांचं. वाद्यांच्या नावाखाली त्यात कोंबू नका, त्याची वेगळी सहल काढा.

राहिला दिलरुबा.

माळ्यावरून आजच खाली आणा. पुरात माळ्यानं त्याचा जीव वाचवला खरा, पण पत्र्याखालच्या माळ्यावर एप्रिल-मे महिन्यात जी धग असते तिनं सरस सुटतो आणि सांधे उघडतात. घराच्या आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकवता, कपाटाच्या वर आडवा ठेवा. पुराची भीतीही नाही आणि उन्हाचीही नाही.

तारा ताणून 'वाजतोय का बघू' हा मोह आवरा. दिलरुब्याच्या पोटावर लाकडी तबली नाही, कातडं असतं. इतकी वर्षं सैल असलेल्या जुन्या कातड्यावर एकदम ताण आला तर ते घोडीखालीच फाटतं. कातड्याला तेल नको, ओलं फडकं नको, दांडीला पॉलिश तर मुळीच नको. झिजलेलं पॉलिश हीच सासऱ्यांच्या हाताची खूण आहे. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ काढा. मग पांढऱ्या कागदावर आठवडाभर ठेवा. कागदावर पिवळसर बारीक भुसा पडला तर किडा जिवंत आहे. वाद्य बाकीच्या लाकडी सामानापासून लांब, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सरळ मिरजेला न्या. भोकं आहेत पण भुसा नाही, तर कीड जुनी आहे, घाई नाही. गजाचे केस ताणलेले असतील तर ढिले करा. घोडी सुटी झाली असेल तर ती, खुंट्या, तुटलेले पडदे, जुन्या तारासुद्धा एका डब्यात जपून ठेवा. नवी घोडी कापताना कारागिराला जुनीचं माप लागतं. नक्षीत हस्तिदंत किंवा सांबरशिंग असेल तर तसंच राहू द्या. त्यांच्या खरेदी-विक्रीला कायद्यानं बंदी आहे, बदली तुकडा कोणी देऊ केला तरी घेऊ नका.

वर्गात की संग्रहालयात, याचं उत्तर मिरजेत मिळेल. दांडी सरळ असेल, पोटाचं लाकूड धड असेल आणि कातडंच बदलायचं असेल तर दुरुस्त करून वर्गात वाजता ठेवा. दांडी पिळली असेल तर दुरुस्तीत निम्मं वाद्य नवं होतं. मग ते वाजवण्यापेक्षा तसंच जपलेलं बरं. संग्रहालयाला द्यायचा झाला तर नुसतं वाद्य नेऊ नका. तसे त्यांच्याकडे असतात, आणि कोणाचं ते माहीत नसलेलं वाद्य बहुधा तळघरातच राहतं. सासऱ्यांनी तो कधी आणि कुठून घेतला, कोणाकडे शिकले, कुठं वाजवायचे, सूर कुठला लावायचे, वाजवतानाचा एखादा फोटो, जुनी पावती असेल तर ती: हे सगळं दोन पानांत लिहा. घरात ज्यांना आठवतंय त्यांच्याकडून याच दिवाळीत लिहून घ्या. दान देताना लेखी पोच घ्या आणि तो मांडला जाईल की साठ्यात राहील हे त्यात नमूद करून मागा.

मिरजेला वर्गाचा तानपुरा नेणारच आहात, त्याच फेरीत दिलरुबाही न्या. तारा उतरवून, घोडी काढून, जुन्या रजईत गुंडाळून. बसच्या टपावर नाही, मांडीवर.